गार्सिया, मुक्काम वसई

गेवराई तालुक्यातलं तलवाडा हे बीड जिल्ह्यात त्वरितादेवीचं गाव म्हणून ओळखलं जातं. या गावात जन्मून, इथेच शेती करून, इथेच देह ठेवणाऱ्या माणसाला कुणी तलवाडकर म्हणणार नाही. गावात सगळेच तलवाड्याचे. तिथे माणूस ओळखला जातो तो घराण्यावरून, वतनावरून, नाहीतर कामावरून. तोच माणूस एखाद्या दुष्काळात गाव सोडतो, गोदावरी ओलांडून पलीकडच्या मुलखात जातो, तिथे त्याच्या दोन पिढ्या टिकतात आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजी तलवाडकर लिहितात. गाव सुटलं की मग गावाचं नाव चिकटतं. फलटणच्या नाईक घराण्याचं मूळ आडनाव पवार सांगतात. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. नीरेकाठच्या होळचे मल्हारराव होळकर म्हणून माळव्यात गेले आणि एका लहान गावाचं नाव इंदूरच्या गादीवर बसलं.

आडनावावरून माणसाचं कूळ, जात, धर्म आणि निष्ठा काढायची आपल्याला फार सवय आहे. नाव कळलं की आपण लगेच विचारतो, आडनाव काय? उत्तर मिळालं की समोरचा माणूस समजला, असं धरून चालतो. हा हिशेब किती कच्चा असतो हे दाखवणारी एक हकीकत चारशे वर्षांहून जुनी आहे. ती एका स्पॅनिश आडनावाची आहे आणि तिचा नायक वसईचा आहे.

ते आडनाव गार्सिया. आज स्पेनमध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच. १४ लाखांहून जास्त लोकांचं ते पहिलं आडनाव आहे. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडचं आणि एक आईकडचं, म्हणून ‘पहिलं’ म्हणायचं. गार्सियाचं मूळ मात्र स्पॅनिश भाषेत सापडत नाही. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर पिरेनीज पर्वत आहे. त्याच्या पश्चिम टोकाला बास्क लोक राहतात. त्यांची भाषा युरोपातल्या कोणत्याही दुसऱ्या भाषेशी नातं सांगत नाही. रोमन आले, गॉथ आले, अरब आले, तरी ती टिकली. गार्सिया हे तिथलं नाव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अर्थाबद्दल एकमत नाही. कुणी ‘तरुण’ अशा अर्थाचा शब्द दाखवतं, तर कुणी ‘अस्वल’ या अर्थाचा.

सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच. आपल्याकडे मालोजी, शहाजी तसं ते माणसाचं स्वतःचं नाव होतं. नवव्या शतकात पाम्प्लोनाच्या गादीवर गार्सिया इन्यिगेस राजा होता, दहाव्या शतकाच्या आरंभी लिओनच्या गादीवर एक गार्सिया बसला. नावाचं आडनाव कसं झालं ते कास्तिलच्या सरदारांच्या वंशावळीत स्वच्छ दिसतं. गोन्सालोचा मुलगा फेर्नान गोन्सालेस. त्याचा मुलगा गार्सिया फेर्नांदेस. त्याचा मुलगा सान्चो गार्सिया. त्याचा मुलगा गार्सिया सान्चेस. पिढीगणिक मागचा शब्द बदलत गेला, कारण तो शब्द फक्त बापाचं नाव सांगत होता. शिवाजी शहाजी, शहाजी मालोजी, मालोजी बाबाजी ही आपली चालही तीच. फरक असा की आपण बापाचं नाव मधे ठेवलं आणि शेवटी भोसले कायम ठेवलं. स्पेन-पोर्तुगालात पुढच्या काही शतकांत बापाचं नावच गोठलं. रोद्रिगोच्या मुलाचं रोद्रिगेस त्याच्या नातवाला लागलं, पणतूलाही लागलं, आणि घरात रोद्रिगो नावाचं कुणी उरलं नाही तरी रोद्रिगेस उरलं. स्पॅनिश लोक ते लिहिताना एक अक्षर वापरतात, पोर्तुगीज दुसरं. वसई आणि गोव्यातली फर्नांडिस, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज, लोपीस ही सगळी आडनावं या गोठलेल्या बापांच्या नावांचीच. गार्सियाला मात्र बहुतेक ठिकाणी ‘चा मुलगा’ सांगणारं शेपूट लागलं नाही. बापाचं नाव जसंच्या तसं आडनाव झालं.

हे नाव आपल्या भागाच्या जवळ पहिल्यांदा आलं ते एका वैद्याबरोबर. गार्सिया द ओर्ता याचे आईबाप स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा ते सीमेपलीकडे पोर्तुगालात आले. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने तिथल्या सगळ्या ज्यूंना बाप्तिस्मा घ्यायला भाग पाडलं. जुनी नावं गेली, नवी ख्रिस्ती नावं आणि आडनावं लागली. या बाटवलेल्या कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. त्यातल्या एका घरात १५०० च्या सुमारास जन्मलेल्या मुलाचं नाव गार्सिया ठेवलं गेलं. तो वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं जाणंयेणं होतं आणि शहा त्याच्याकडून औषधपाणी घेत असे. बीडचा मुलूख त्या काळी याच निजामशाहीत होता. मुंबई बेट ओर्ताला पोर्तुगीज सरकारने भाडेपट्ट्याने दिलेलं होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा ग्रंथ भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा युरोपीय भाषेतला पहिला मोठा ग्रंथ आहे. त्यात पुस्तकी विद्येपेक्षा इथल्या हकिमांचं आणि वैद्यांचं म्हणणं त्याने अनेकदा वर ठेवलं आहे.

१५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या धर्मन्यायालयाने, त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली. मला या प्रकरणात सर्वांत बोचतं ते हे की नाव गार्सिया, आडनाव ओर्ता, दोन्ही बाप्तिस्म्याने पवित्र झालेली. पण चौकशी करणाऱ्यांना ती पुरली नाहीत. ज्या राज्याने नाव दिलं त्याच राज्याने नावाखाली काय दडलं आहे ते उकरलं.

वसईच्या ख्रिस्ती आडनावांचं मूळ समजायला हा ज्यूंचा पूर्वेतिहास ध्यानात ठेवला पाहिजे. बाप्तिस्मा दिला की नवं नाव आणि नवं आडनाव द्यायचं, ही रीत वसईसाठी शोधलेली नव्हती. पोर्तुगालात आणि स्पेनमध्ये ज्यूंवर आणि मुसलमानांवर ती आधीच राबवली गेली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी एखादा पोर्तुगीज अंमलदार, शिपाई नाहीतर व्यापारी धर्मपिता म्हणून उभा राही आणि त्याचं आडनाव नव्या ख्रिस्त्याला मिळे. कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचंच आडनाव लागे. त्यामुळे एका गावात एक आडनाव दाटीने, तर शेजारच्या गावात दुसरं, असं आजही उत्तर कोकणात आणि गोव्यात दिसतं. त्यात रक्ताचं नातं असेलच असं नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. हुमायूनची स्वारी तोंडावर होती आणि समुद्रावरचा एक शत्रू तरी कमी व्हावा ही त्याची निकड होती. वसई पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज उत्तर प्रांताची राजधानी झाली. किल्ल्याच्या तटात चर्च, मठ आणि श्रीमंतांचे वाडे उभे राहिले. बाहेर गावोगाव फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांचे पाद्री हिंडू लागले. फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेला. हा झेवियरही बास्क भागातला, नवारा राज्याचा. बापाचं आडनाव खासो, आणि झेवियर हे त्याच्या जन्माच्या गढीचं नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवं घर’. वसई रोड स्टेशनला उतरणारा माणूस ज्या नवघरात पाय ठेवतो, त्या नवघरचं आणि या जगप्रसिद्ध आडनावाचं मूळ एकाच साध्या गोष्टीत आहे: कुणीतरी कधीतरी नवं घर बांधलं आणि लोकांनी त्यालाच गावाचं नाव केलं.

या वसईत १५५६ किंवा १५५७ साली गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. बापाने आडनाव दिलं. आईने काय दिलं ते कागदावर नाही. पण इथे जन्मलेल्या, इथल्या आईच्या कुशीत वाढलेल्या मुलाच्या कानावर कोणती भाषा पडली असेल हे सांगायला कागद लागत नाही. वसईच्या जेझुइटांकडे तो शिकला, त्यांच्या सेवेत राहिला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास सेबास्त्यांव गोन्साल्विस नावाच्या पाद्र्याबरोबर तो जपानला गेला.

भाषेची त्याला देणगीच होती. जपानी तो इतकी चांगली शिकला की धर्मोपदेशकांचं काम त्याच्यावाचून अडू लागलं. उपदेश करायला, लहान मुलांना शिकवायला, दुभाष्या म्हणून बोलायला त्याला पुढे करत. काही वर्षं त्याने ही सेवा केली. जेझुइट संघात आपल्याला रीतसर घ्यावं ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. तो बाहेर पडला आणि व्यापारात शिरला. जपानी येणारा आणि पोर्तुगीज जाणणारा व्यापारी पूर्वेच्या समुद्रात उपाशी राहणं शक्य नव्हतं. धंदा चांगला चालला. तरी मन रमलं नाही. तो फिलिपिन्समध्ये मनिलाला गेला आणि तिथल्या फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. पाद्री म्हणून नाही. ज्याला संघबंधू म्हणतात तसा, सेवा करणारा साधा व्रतस्थ म्हणून.

मनिला स्पेनची आणि वसई पोर्तुगालची. पण त्या वेळी दोन्हींचा राजा एकच होता. ओर्ताची हाडं जाळली त्याच १५८० साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने पोर्तुगालची गादी मिळवली. १६४० पर्यंत दोन्ही राज्यं एका मुकुटाखाली राहिली. म्हणजे पोर्तुगीज वसईवर तेव्हा स्पेनचा राजा राज्य करत होता. कारभार मात्र वेगळा, आणि दर्यावरची चुरस तर मुळीच कमी झाली नव्हती. जपानचा व्यापार पोर्तुगीज मकावमधून चाले, आणि १५८५ मध्ये पोपने जपानमधलं धर्मकार्य फक्त जेझुइटांसाठी राखून ठेवलं होतं. मनिलाच्या स्पॅनिश फ्रान्सिस्कनांना तिथे शिरकाव नव्हता.

तो शिरकाव मिळवून दिला जपानच्या हुकूमशहाने. तोयोतोमी हिदेयोशीने सारा जपान एका छत्राखाली आणला होता, कोरियावर फौज घातली होती, आणि फिलिपिन्सनेही आपलं मांडलिकत्व पत्करावं असं त्याने मनिलाला कळवलं. मनिलाचा गव्हर्नर दासमारिन्यास याच्याकडे जपानला तोंड द्यायला पुरेशी फौज नव्हती. त्याने वेळ काढायचं ठरवलं. आधी पाठवलेला एक वकील परतीच्या वाटेवर दगावला. मग १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन पाद्र्याला वकील नेमून दुसरं शिष्टमंडळ पाठवलं. त्यात दुभाष्या हवा होता. गोन्सालो गार्सियासारखा दुसरा माणूस मनिलात नव्हता. वसईचा हा माणूस स्पेनच्या राजाच्या वतीने हिदेयोशीसमोर उभा राहून बोलला. अशा बैठकीत वकिलाचे शब्द दुभाष्याच्या तोंडून जातात. एखादा शब्द तिखट झाला तर गर्दन जाते, मवाळ झाला तर राज्याची मान खाली जाते. बोलणी बिनसली नाहीत. हिदेयोशीने या पाद्र्यांना क्योटोत राहायची परवानगी दिली. तिथे त्यांनी मठ बांधला, आणि ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं त्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं चालवली. गोन्सालोच्या आयुष्यातली ही तीन वर्षं मला सर्वांत मोलाची वाटतात. जपानी जिभेवर खेळवणारा, व्यापाराने हात सैल झालेला माणूस तिथे जखमा धूत होता.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सान फेलिपे’ नावाचं मोठं स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जाताना वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर उरादोपाशी येऊन फुटलं. पोटात किमती माल होता. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी तो जप्त केला. वादावादीत गलबताच्या सुकाणूवाल्याने जगाचा नकाशा काढून स्पेनच्या राजाचा पसारा दाखवला, आणि इतकी राज्यं कशी मिळवली असं विचारल्यावर, आधी धर्मोपदेशक जातात आणि मागून सैनिक, अशी बढाई मारली, असं सांगितलं जातं. हे बोलणं खरोखर कसं झालं यावरून स्पॅनिश फ्रान्सिस्कन आणि पोर्तुगीज जेझुइट पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर दोष ढकलत राहिले. परिणाम मात्र लगेच झाला. ख्रिस्ती धर्मप्रचारावर हिदेयोशीची बंदी १५८७ पासूनच होती, फक्त ती सैल पडली होती. आता त्याने क्योटो आणि ओसाकातल्या मठांवर पहारे बसवले.

चोवीस जण पकडले गेले. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, गाड्यांत बसवून क्योटो, ओसाका आणि साकाई शहरांतून त्यांची धिंड काढली, आणि मग ऐन थंडीत नागासाकीकडे नेलं. तो शेकडो मैलांचा प्रवास महिनाभर चालला. वाटेत दोन जणांची भर पडून ते सव्वीस झाले. शिक्षेच्या फर्मानात लिहिलं होतं की ही माणसं फिलिपिन्सहून वकील म्हणून आली आणि मनाई असलेल्या धर्माचा प्रचार करत राहिली. वसईत जन्मलेला गोन्सालो या कागदावर फिलिपिन्सचा झाला. त्याचं आडनाव बास्क, बाप पोर्तुगीज, आई वसईची, राजा स्पेनचा, काम जपानीतलं, आणि अपराध मनिलावाल्याचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीसही जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारलं. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते: चार स्पेनचे, एक मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे, आणि एक आपला गोन्सालो. बाकीचे वीस, ज्यात तीन जेझुइट होते, जपानीच मानले जातात. त्यांतला सर्वांत धाकटा लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

मरणारा प्रत्येक जण कोणत्या राज्याचा, हा हिशेब हिदेयोशीने केला आणि युरोपातल्या दरबारांनीही केला. मला तो करावासा वाटत नाही. बारा वर्षांचं पोर आणि वसईचा संघबंधू एका रांगेत मेले.

१६२७ मध्ये पोपने या हुतात्म्यांना धन्य घोषित केलं आणि ८ जून १८६२ रोजी नवव्या पायसने सव्वीस जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो गोन्सालो गार्सिया. पुढे केरळच्या अल्फोन्सा यांना संतपद मिळालं ते २००८ मध्ये, म्हणजे मधे जवळपास दीडशे वर्षं गेली. १९६२ मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, निशिझाकावर स्मारक उभं राहिलं. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सव्वीस पुतळे एका ओळीत घडवले आहेत. नागासाकी म्हटलं की आपल्याला १९४५ आठवतं, आणि ते साहजिक आहे. पण त्याच शहरात वसईच्या एका माणसाचा पुतळा उभा आहे, हे महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकांतून कुणी सांगत नाही याची खंत वाटते. वसईत मात्र त्याची आठवण जागती आहे. किल्ल्यात त्याच्या नावाचं चर्च आहे, आणि गावात त्याच्या नावाचं महाविद्यालय चालतं.

गोन्सालोनंतर दीड शतक लोटण्याआधीच पोर्तुगीजांची वसई संपली. चिमाजी अप्पांच्या फौजेने निकराचा वेढा घालून १७३९ च्या मे महिन्यात किल्ला घेतला. पोर्तुगीज अंमलदार, शिपाई, मोठे जमीनदार गोव्याकडे निघून गेले. चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला आणि नाशिकला गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळात अशा पोर्तुगीज घंटा आजही आहेत आणि रोज कुणीतरी भाविक त्या वाजवतो. मागे राहिली ती कोकणातली कुळं: बागायतदार, शेतकरी, कोळी, कारागीर. राजा गेला, त्याची भाषा गेली, पण आडनावं राहिली. लोपीस, डाबरे, परेरा, मच्याडो, डिमेलो ही माणसं पेशव्यांच्या राज्यात केळी आणि पानवेल लावत राहिली. घरात ती सामवेदी किंवा वाडवळी बोलत होती, म्हणजे शेजारच्या हिंदू घरांत चालायची तीच बोली.

आडनावाने माणूस परका होत असता तर या लोकांना परकं व्हायला १७३९ नंतर भरपूर वेळ मिळाला होता. तसं काही झालं नाही. उलट आडनावंच मराठी झाली. तसं पाहिलं तर आशयाने ती आधीपासूनच आपल्या ओळखीची होती. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, आणि कुऱ्हाडे आपल्याकडे आहेतच. लोपीसच्या मुळाशी लांडगा आहे, आणि लांडगे आपल्या गावोगाव आहेत. डिमेलो हे मेलो गावचे, म्हणजे आपल्या रीतीने मेलोकर. शेतकरी समाज जगात कुठलाही असो, तो आजूबाजूचं झाड, जनावर, अवजार आणि सुटलेलं गाव यांतूनच नाव घेतो.

आडनाव वरून लादण्याचा सर्वांत मोठा कारखाना चालला तो गोन्सालो ज्या मनिलात संघबंधू झाला तिथेच. फिलिपिन्समध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांनी भक्तीने इतकी एकसारखी नावं लावली होती, कुणी ‘क्रुसाचा’ तर कुणी ‘संतांचा’, की सारा-वसुलीच्या वह्यांत माणूस सापडेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला आणि हजारो आडनावांचं छापील पुस्तक गावोगाव पाठवलं. ज्या गावाला पुस्तकाची जी पानं मिळाली, त्यातून लोकांनी आडनावं निवडायची. काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात ती यामुळे. आज एखाद्या फिलिपिनो माणसाचं स्पॅनिश आडनाव ऐकून त्याच्या अंगात स्पॅनिश रक्त आहे असं म्हणणं म्हणजे सरकारी पुस्तकाच्या पानाला वंशावळ समजणं.

आपल्याच महाराष्ट्रात याच्या अगदी उलट घडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात नगर आणि जालना भागात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले. स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. या मिशनांच्या प्रभावाने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी आडनावं बदलली नाहीत. साळवे साळवेच राहिले, गायकवाड गायकवाड. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि शेवटपर्यंत टिळक हेच आडनाव लावलं. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज राज्याला ख्रिस्ती होणं म्हणजे राजाच्या घरात येणं वाटत होतं, म्हणून घराचं नाव बदलणं भाग होतं. तीनशे वर्षांनंतरच्या प्रोटेस्टंट मिशनकडे गावकऱ्यांच्या नावावर राज्य करण्याची सत्ता नव्हती आणि त्यांना तशी गरजही वाटली नाही. धर्म एकच, तरी वसईचा ख्रिस्ती लोपीस आणि जालन्याचा ख्रिस्ती साळवे. हा फरक श्रद्धेतून आला नाही. बाप्तिस्म्याची वही कुणाच्या हाती होती, त्यातून तो आला.

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालला जन्मलेले, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. ब्रिटो हे पोर्तुगालातल्या एका गावाचं नाव, म्हणजे दिब्रिटो हे ब्रिटोकर. त्यांची निवड झाल्यावर काहींनी आक्षेप घेतले. एका धर्मगुरूने, तेही असल्या आडनावाच्या माणसाने, मराठीच्या व्यासपीठावर बसावं का, असा त्याचा सूर होता. वसईच्या हरित पट्ट्यासाठी त्यांनी दिलेला लढा आणि मराठीत लिहिलेली पुस्तकं समोर असताना हा प्रश्न निघाला, याचं मराठवाड्याचा माणूस म्हणून मला वाईट वाटलं. संमेलन झालं. पाठीच्या दुखण्याने हैराण असलेले दिब्रिटो चाकाच्या खुर्चीवरून आले आणि अध्यक्षपदावरून मराठीत बोलले. मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी ते ऐकलं. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. त्यांची पुस्तकं मराठी ग्रंथालयांत ‘द’च्या रांगेत आहेत, देशमुख आणि देशपांडे यांच्या शेजारी.